इंजिन तेच, मग प्लेट का तडकते?

प्रश्न : मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला असून वडिलांच्या लेथच्या कारखान्यात काम करतो. अमेरिकेत हौशी लोक माझदा मोटारीचं रोटरी इंजिन स्वतः बांधलेल्या विमानात बसवतात, असं वाचलं. त्यातल्या काहींच्या इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या पोलादी प्लेटला तडे जातात. मोटारीत तीच प्लेट वर्षानुवर्षं टिकते. इंजिन तेच, ताकद तीच, मग असं का? आणि सरळ दुप्पट जाडीची प्लेट लावली तर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुप्पट जाडीची प्लेट लावू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळ्यांना पहिल्यांदा हाच उपाय सुचतो आणि बऱ्याचदा त्यानेच दुखणं वाढतं. का, ते समजायला ती प्लेट तिथे मुळात कशासाठी असते ते पाहावं लागेल.

तुम्ही म्हणता ते इंजिन बहुधा माझदाचं १३बी. १९७८ पासून आलेल्या आरएक्स-७ मोटारींच्या पुढच्या पिढ्यांत ते होतं. त्यात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. तिकोनी आकाराचे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरचे, एका विकेंद्री शाफ्टवर फिरतात. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन होतात. वजन कमी, हलणारे भाग कमी आणि बिघाड झाला तरी हे इंजिन एकदम जाम न होता बऱ्याचदा रडतखडत का होईना, फिरत राहतं. वैमानिकाला शेवटचा गुण फार मोलाचा वाटतो, आणि माझ्या मते या इंजिनाच्या प्रेमात पडण्याचं ते सर्वांत प्रामाणिक कारण आहे.

अडचण वेगाची आहे. ताकद पूर्ण मिळवायची तर हा शाफ्ट मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास फिरवावा लागतो. सहा फुटी प्रोपेलर त्या वेगाने फिरवला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५७० मीटरच्या वर जाईल, म्हणजे ध्वनीच्या दीडपटीहून जास्त. मग नुसता गोंगाट होतो, ओढ मिळत नाही. म्हणून मध्ये गिअरबॉक्स येतो. २.८५ ला १ असं गुणोत्तर ठेवलं तर इंजिनाच्या ६००० फेऱ्यांना प्रोपेलरच्या साधारण २१०० होतात. विमानासाठीच घडवलेल्या लायकमिंगसारख्या इंजिनांना ही उठाठेव नसते. ती २७०० फेऱ्यांतच पूर्ण ताकद देतात आणि प्रोपेलर थेट क्रँकला बोल्टने जोडलेला असतो.

या गिअरबॉक्सला इंजिन जोडताना बरेच जण ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीतली फ्लेक्सप्लेट वापरतात. ही पातळ पोलादी तबकडी. मोटारीत तिच्या मागे टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलाने भरलेला डबा. इंजिनाचे हिसके त्या तेलातच बरेचसे विरतात. मॅन्युअल गाडीत हे काम क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा करतात. त्यापुढे लांब शाफ्ट, अॅक्सल, रबरी टायर असा सगळा मऊ गोतावळा असतो. शिवाय हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला तिच्या ताकदीचा लहानसा हिस्साच पुरतो. विमान मात्र तासन् तास ६५ ते ७५ टक्के ताकदीवर चालतं. तेव्हा इंजिन तेच असलं, तरी त्याच्या शेजारपाजारचं सगळं बदललेलं असतं, आणि त्या बदलाची किंमत मधली पातळ तबकडी मोजते.

आता हिसक्यांविषयी. दोन रोटरचं इंजिन शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा ढकलतं. ६००० फेऱ्यांना ते सेकंदाला २०० धक्के झाले, आणि तासाला ७ लाख २० हजार. पोलादाच्या थकव्याच्या चाचण्या साधारण एक कोटी आवर्तनांपर्यंत चालवतात, कारण तेवढ्यात न तुटलेला नमुना सहसा पुढेही तुटत नाही. एक कोटी धक्के या विमानात १४ तासांत पुरे होतात. जोडणीतल्या चुकीमुळे तबकडी दर फेऱ्याला एकदा वाकत असेल, तर एक कोटी वेळा वाकायला २८ तास लागतात. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला इंजिन-प्रोपेलरची प्रमाणित जोडी नसेल, तर सहसा ४० तासांचं चाचणी-उड्डाण सक्तीचं असतं, तेही ठरवून दिलेल्या भागात आणि प्रवाशाविना. म्हणजे तबकडीत खोट असेल तर ती बरेचदा याच टप्प्यात उघडी पडते. हे ४० तास कंटाळवाणे वाटतात, पण त्यांतला एकही वाया जात नाही.

तडे दोन वेगळ्या कारणांनी जातात आणि त्यांची सरमिसळ झाली की उपाय चुकतात.

पहिलं कारण वाकण्याचं. फ्लेक्सप्लेट पिळाला ताठ असते, पण पुढेमागे लवते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या अक्षांत थोडा फरक असेल, तर तो तिने सोसावा, म्हणूनच ती पातळ ठेवलेली असते. मोटारीच्या कारखान्यात हा फरक अगदी थोडा असतो. घरी बनवलेल्या जोडपट्टीत डॉवेलचं भोक किंचित इकडे तिकडे गेलं, की तबकडी प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते. आता तुमची दुप्पट जाडी इथे आणा. किती वाकायचं हे अक्षांमधल्या फरकाने ठरवलेलं आहे, ते काही बदलत नाही. वाकण्याचं अंतर तेच राहिलं, तर पत्रा जितका जाड तितका त्याच्या पृष्ठभागावरचा ताण जास्त. दुप्पट जाडीला ताण दुप्पट. जो पत्रा लवून निभावून नेत होता, तो आता अडून बसतो आणि उरलेला जोर बोल्टवर आणि बेअरिंगवर काढतो.

दुसरं कारण पिळाचं. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला प्रोपेलरचं मोठं जडत्व आणि मध्ये थोडी लवचीकता, अशा प्रत्येक जोडीला स्वतःची एक लय असते. झोक्याला त्याच्या लयीत हलकेच धक्के देत गेलं तर तो उंच जातो, तसंच इथेही होतं. इंजिनाचे धक्के त्या लयीशी जुळले की शाफ्टमधला पीळ सरासरीच्या कितीतरी पट वाढतो. उदाहरण म्हणून समजा, स्प्रिंगांचा मऊ जोड लावला आणि ही लय सेकंदाला ४० आली. दर फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे ती १२०० फेऱ्यांवर जुळेल. इंजिन निवांत चालतं तेच याहून जास्त फेऱ्यांवर, त्यामुळे ही लय फक्त सुरू होताना आणि बंद होताना क्षणभर गाठली जाते. आता स्प्रिंगा काढून नऊपट ताठ जोड बसवला, तर लय तिप्पट होते, सेकंदाला १२०. ती जुळते ३६०० फेऱ्यांवर, म्हणजे विमान उतरण्यासाठी खाली येताना वैमानिक जिथे ठेवतो त्याच्या जवळपास. जोड अधिक दणकट केला आणि धोका नेमका उड्डाणाच्या मधोमध आणून ठेवला.

एक रोटर पेटायचा थांबला तर फेऱ्याला एकच धक्का उरतो. मग ती ४० ची लय २४०० फेऱ्यांवर जुळते. इंजेक्टर अडकून इंजिन लंगडू लागलं तर घाईघाईने थ्रॉटल मागेपुढे करताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

हा धडा नवा नाही. घरी बांधलेल्या पहिल्या यशस्वी विमानानेच तो दिला होता. १९०३ च्या नोव्हेंबरात किटी हॉकला राइट बंधूंचं यंत्र तयार होतं. साधारण १२ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन, सायकलीसारख्या साखळ्या आणि दोन प्रोपेलर. चाचणीत प्रोपेलरच्या शाफ्टनी दगा दिला. त्या पोकळ पोलादी नळ्या होत्या. एकदा त्या दुरुस्तीसाठी डेटनला, म्हणजे भावांच्या गावी, पाठवून परत आणवल्या, तरी महिनाअखेरीस एका नळीला तडा दिसला. ३० नोव्हेंबरला ऑर्विल स्वतः डेटनला निघाला आणि ११ डिसेंबरला नवे शाफ्ट घेऊन परतला. नवे शाफ्ट कसे होते, ते पाहण्यासारखं आहे. ते भरीव पोलादाचे होते, पण जुन्या नळ्यांपेक्षा कमी व्यासाचे. ऑर्विलने पुढे लिहिलंय की इंजिनाचा जोर एकसारखा असता तर जुन्या नळ्या गरजेच्या कित्येक पट मजबूत होत्या. पण त्या मोठ्या पोकळ नळ्यांत असमान हिसके पचवायला लवच नव्हती. १७ डिसेंबरला विमान उडालं. त्या दोन भावांची कल्पकता पंखांच्या आकारात सगळ्यांना दिसते. मला ती या बारक्या शाफ्टमध्ये जास्त दिसते, कारण तडा पाहूनही त्यांनी जाडी वाढवली नाही, लवचीकता वाढवली.

तेव्हा तुमच्या कारखान्यातून कुणाला मदत करायची असेल, तर जाड प्लेट कापून देण्याआधी डायल गेज लावून अक्ष तपासून द्या. बोल्टच्या भोकांच्या कडा घासून गोल करून द्या. ताणाखालच्या पत्र्यात साध्या गोल भोकाच्या कडेलाही ताण तिप्पट होतो, आणि ड्रिलची बर राहिली तर तडा तिथूनच निघतो. बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच आवळा. हा जोर बोल्टने पेलायचा नसतो, दाबून धरलेल्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणाने पेलायचा असतो. बोल्ट सैल पडले की पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, तांबूस भुकटी दिसते आणि त्याच घासलेल्या जागी तडा धरतो.

प्रश्न : आपल्याकडे विमानासाठी रोटरी इंजिन कुणी बनवलं आहे का?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : बनवलं आहे, आणि तुमच्याच जिल्ह्यात. नगरच्या वाहन संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओच्या व्हीआरडीईने, बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या विमान संशोधन संस्थांसोबत ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं व्हँकेल, म्हणजे रोटरी, इंजिन तयार केलं. २००९ मध्ये कर्नाटकात कोलारजवळ ते उडवून पाहिलं. मोटारीचं इंजिन विमानात नेणं आणि विमानासाठीच इंजिन आखणं यांत फरक आहे तो इथे. आखतानाच पुढे प्रोपेलर आहे हे ठाऊक असतं, त्यामुळे शाफ्ट, बेअरिंग आणि जोड यांचा हिशेब त्यालाच धरून होतो. नगरच्या या कामाविषयी मराठीत फारच थोडं लिहिलं गेलं आहे, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : प्लेटला गेलेला तडा उड्डाणाआधी कळू शकतो का? तडा छोटा असेल तर वेल्डिंग करून चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कळू शकतो, पण बघावं लागतं. निवांत चालताना गिअरचा खडखडाट वाढला, एखाद्या ठरावीक वेगाला आधी नसलेली थरथर जाणवू लागली, किंवा बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होऊ लागले, तर गिअरबॉक्स उतरवा. तबकडी स्वच्छ पुसून तिच्यावर लाल रंगाचा डाय पेनिट्रंट लावा, थोड्या वेळाने पुसून डेव्हलपर फवारा. केसाएवढी चीर असली तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. भोकांभोवती आणि वजन हलकं करायला पाडलेल्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत आधी शोधा. तुटलेला तुकडा हाती आला तर फेकू नका. त्याच्या तोंडावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या वक्र रेषा दिसल्या, तर तो थकव्याने तुटला आहे, आणि रेषा जिथे एकवटतात तिथे सुरुवात झाली आहे.

वेल्डिंग अजिबात नको. सांध्याच्या दोन्ही बाजूंना तापलेलं पोलाद मूळच्यासारखं राहत नाही, पत्रा वाकडा होतो आणि पुढचा तडा वेल्डच्या कडेने निघतो. तबकडी नवी घ्या. पण ती बसवण्याआधी जुनीवरचा तडा कोणत्या दिशेने गेला आहे ते कागदावर काढून ठेवा आणि अक्ष पुन्हा मोजा. मापात फरक सापडला नाही, तर संशय पिळावर घ्या आणि स्प्रिंगांचा जोड उघडून पाहा.