तार दिसली पाहिजे

भाचेबुवा, फोटो पोचले. माहुलीचे सुळके झकास आलेत. पण पायथ्याचा हायटेन्शनचा टॉवर पुसून टाकलास, तो मामाच्या नजरेतून सुटेल असं वाटलं होय? तिथलं आभाळ ठिगळ लावल्यासारखं दिसतंय. आणि पुसायचा कशाला? खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली १९१५ साली. म्हणजे सह्याद्रीच्या अंगावर या तारा शंभरावर वर्षं आहेत. तुझ्या पणजोबांनीही बघितल्या असतील. या तारांना चित्रात घ्यायला शीक.

पहिली गोष्ट, फोटो टॉवरचा काढायचा नाही, तारेचा काढायचा. हे मी पैसे घालवून शिकलोय. रोलच्या जमान्यात भर दुपारी छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. धुऊन आले तर आभाळ पांढरंफेक, तारा गायब, आणि माळावर नुसते टॉवर उभे. वऱ्हाड आलंय आणि नवरीच नाही! तेव्हापासून दहा ते चार कॅमेरा पिशवीत. सूर्य खाली असताना जा. उजेड बाजूने आला की टॉवरचा एकेक अँगल सुटा दिसतो. सूर्य समोरून, जरा तिरका असला तर तारा कोळ्याच्या धाग्यासारख्या चमकतात. चमक दिसेना तर लेन्स बदलत बसू नकोस, दोन पावलं बाजूला सरक. सगळ्यात देखणा उजेड मात्र पावसाळी संध्याकाळचा. मागे काळाकुट्ट ढग, आणि पश्चिमेकडून फटीतून आलेलं ऊन थेट लोखंडावर. पाच मिनिटं टिकतो. तेवढ्यात पिशवीची चेन अडकते, हाही अनुभव आहे.

दुसरं, लाईन वाचता आली पाहिजे. त्यासाठी पडघ्याला ये. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर धावत आलेली ५०० केव्हीची डीसी लाईन इथे संपते, आणि एसीच्या लायनीही इथे येऊन मिळतात. ओळखायच्या कशा? तारांचे संच मोज. एसीला तीन फेज, म्हणून संच तीन, किंवा एकाच टॉवरवर दोन सर्किटं असली तर सहा. डीसीला दोनच, एक इकडे, एक तिकडे. अगदी माथ्यावरची बारीक तार आभाळातली वीज झेलायला असते, ती मोजायची नाही. फोटोशी याचा काय संबंध म्हणशील. डीसीचा टॉवर दोन्ही हात पसरून उभा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळं आभाळ सोडावं लागतं. सहा हातांचा उंच टॉवर आडव्या चौकटीत गुदमरतो, त्याला कॅमेरा उभा धर.

इन्सुलेटरच्या माळाही बघ. माळा सरळ खाली लोंबत असतील तर लाईन नाकासमोर चालली आहे. तारेच्या ओढीने माळा आडव्या झाल्या असतील तर बहुतेक लाईन तिथे वळते. वळणाचा टॉवर पायाने रुंद, अंगाने जाड. उभं राहायचं ते त्याच्या आसपास, कारण तिथून लाईनीच्या दोन्ही फांद्या एका चित्रात येतात.

तिसरं, लांब जा. टॉवरच्या पोटाखाली उभं राहून वर बघत काढलेला फोटो जगातला प्रत्येक जण काढतो. तूही एक काढ आणि हौस फेड. मग किलोमीटरभर मागे सर, दोनशे-तीनशेची लेन्स लाव आणि जवळजवळ लाईनीच्या रेषेत उभा राहा. टॉवरमागे टॉवर दाटीने येतात आणि तारांचे झोळ एकावर एक साचतात. झोळाचंही वेळापत्रक असतं बरं का. तापली की तार लांबते, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी ती जास्त खाली आलेली असते.

घरी आल्यावर फोटो फार धारदार करू नकोस, तारेला पांढरी किनार येते. पाठवायला लहान केलास की तारा तुटक होतात, तेवढं मोठं करून तपास.

आता कॅमेऱ्याबाहेरचं. शेतात तिपाई मांडलीस की बांधावरून शेतकऱ्याचा आवाज येणारच, “सर्वेला आलात काय?” त्यात राग असतो आणि तो रास्त असतो. टॉवरचे चार पाय त्याच्या जमिनीत, तारांखाली उंच झाड लावायची सोय नाही, आणि मोबदल्यासाठी खेटे घालून चपला झिजलेल्या. म्हणून आधी राम राम, मग परवानगी, मग तिपाई. फोटो त्याला दाखव. त्याची हरकत नसेल तर त्यालाच चौकटीत उभा कर, टॉवर केवढा आहे ते त्याशिवाय कळत नाही.

टॉवरवर चढायचं नाही, पायाला हात लावायचा नाही. ढग गडगडले की तिथून निघायचं. दमट हवेत तारांची तडतड ऐकू येते, तिला घाबरू नकोस, पण तारांखाली लांब काठी किंवा ड्रोन अजिबात वर न्यायचा नाही. सबस्टेशनच्या कुंपणावर लेखी परवानगीशिवाय कॅमेरा रोखायचा नाही.

जुलैत चिखलणी झाली की खाचरांत पाणी साचतं आणि लावणी होईपर्यंत त्यात अख्खा टॉवर उलटा दिसतो, तोही पहाटे वारा पडलेला असेल तरच. पहिली कसारा लोकल पकड, वाशिंदला उतर. स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर थांबतो. बूट घालून येऊ नकोस, चिखलात जातील.