लॉगिंगमधली दस्तऐवजात नसलेली सोय वापरावी का?

प्रश्न: आमच्या पायथन प्रोग्रॅममध्ये बाहेरच्या लायब्रऱ्यांच्या लॉगची फार गर्दी होते. सगळे लॉगर शोधून त्यांची पातळी बदलायला मी ‘लॉगरडिक्ट’ वापरतो. मॉड्यूलच्या दस्तऐवजात तो मला सापडला नाही. वापर चालू ठेवू का?

उत्तर: थांबवलेला बरा. ‘लॉगरडिक्ट’ ही लॉगिंग मॉड्यूलची अंतर्गत वही आहे. तिच्यात खऱ्या लॉगरसोबत ‘प्लेसहोल्डर’ही असतात. ‘अ.ब.क’ हा लॉगर तयार झाला, पण ‘अ.ब’ कोणी मागितलाच नाही, तर त्या जागी प्लेसहोल्डर बसतो. त्यावर ‘सेटलेव्हल’ चालवले की एरर येते.

तुमच्या कामाला या वहीची गरजही नाही. लॉगरच्या नावांमधल्या टिंबांतून त्यांची उतरंड ठरते. लायब्ररीच्या मुख्य नावाने ‘गेटलॉगर’ करा आणि पातळी ‘वॉर्निंग’ ठेवा. ज्या उपलॉगरना स्वतःची पातळी दिलेली नाही, ते तीच पाळतात.

अशा सोयी न सांगता जातात, हे याच मॉड्यूलमध्ये घडले आहे. पातळ्यांच्या नावांची, अंडरस्कोअरने सुरू होणारी ‘लेव्हलनेम्स’ डिक्शनरी पायथन ३.४ मध्ये दुभंगली आणि तिच्यावर विसंबलेला कोड मोडला. ‘गेटलेव्हलनेम्समॅपिंग’ हा अधिकृत पर्याय ३.११ मध्ये आला. उपलॉगर पाहण्यासाठी ३.१२ पासून ‘गेटचिल्ड्रन’ आहे.

जुन्या आवृत्तीमुळे नाइलाजच असेल, तर असा वापर एकाच फंक्शनमध्ये ठेवा, त्याची टेस्ट लिहा आणि पायथन बदलण्याआधी ती नव्या आवृत्तीवर चालवून पाहा.