पुदुच्चेरीचा सागरतट : पुळण आणि वास्तू

पुदुच्चेरी शहराच्या पूर्व बाजूस, बंगालच्या उपसागरालगत सुमारे दीड किलोमीटर लांबीचा एक मार्ग आहे. गूबेर अव्हेन्यू हे त्याचे नाव. जुने दीपगृह, फ्रेंच युद्धस्मारक, महात्मा गांधींचा पुतळा आणि ‘मेरी’ या नावाने परिचित असलेले नगरभवन याच मार्गावर आहेत. सायंकाळी तेथे वाहनांना बंदी असते व सारे शहर पायी फिरावयास येते. १९५४ मध्ये फ्रेंचांकडून या प्रदेशाचा प्रत्यक्ष ताबा भारताकडे आला, त्या वेळी मार्गापुढे वाळूची पुळण होती. शतक संपता संपता तेथे केवळ काळ्या दगडांची रास उरली. गेल्या काही वर्षांत हा तट पूर्ववत करण्याचे जे प्रयत्न झाले, ते किनारपट्टीवरील प्रत्येक नगरपालिकेने व ग्रामपंचायतीने अभ्यासावेत असे आहेत.

पुळण का गेली?

पुळण स्थिर दिसते, पण ती स्थिर नसते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पूर्व किनाऱ्यावर लाटा तिरप्या येतात व वाळू उत्तरेकडे सरकवीत नेतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ही गती उलटते. तथापि वर्षाचा हिशेब मांडल्यास शिल्लक उत्तरेच्या बाजूची राहते. जेवढी वाळू पुढे जाते तेवढीच दक्षिणेकडून येत राहिली, तरच पुळण टिकते. १९८० नंतरच्या दशकात शहराच्या दक्षिणेस, अरियंकुप्पम नदीच्या मुखाशी बंदरासाठी समुद्रात दोन बांध घालण्यात आले आणि हा पुरवठा अडला. बांधाच्या दक्षिणेस वाळू साचली व उत्तरेस शहराचा किनारा झिजू लागला. अडलेली वाळू उचलून उत्तरेस टाकण्याची योजना होती. मात्र ती सातत्याने राबविली गेली नाही. असा खर्च एकदाचा नसतो, तो कायमचा असतो. आणि अंदाजपत्रकात कात्री प्रथम अशाच खर्चाला लागते.

दगडांच्या भिंतीने रस्ता वाचविला, हे मान्य केले पाहिजे. २००४ च्या सुनामीतही तिचा शहराला आधार झाला. परंतु भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडून नेते, आणि भिंत जेथे संपते तेथून धूप पुढे सरकते. उत्तरेकडील कुरुचिकुप्पम, वैत्तिकुप्पम या मच्छीमार वस्त्यांना याचा अनुभव आला. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांशी परिचित असलेल्या कोकणातील वाचकांस हे वेगळे सांगावयास नको.

२०१८ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली मुख्य सचिवालयासमोरील समुद्रात पाचरीच्या आकाराचा एक पोलादी सांगाडा बुडविण्यात आला. त्यावरून येताना लाट फुटते, तिचा जोर कमी होतो आणि मागील शांत पाण्यात वाळू बसते. लवकरच तेथे पुळण दिसू लागली व लहान मुलांना पुन्हा वाळूत खेळता आले. अर्थात, हा सांगाडा वाळू निर्माण करीत नाही. तो केवळ ती धरून ठेवतो. म्हणून दक्षिणेकडील वाळू पुढे पोहोचविण्याचे काम त्यामुळे संपत नाही.

वास्तूंची कथा

एकोणिसाव्या शतकातील मेरी इमारत २९ नोव्हेंबर २०१४ रोजी पावसात कोसळली. तिची दुरवस्था अनेक वर्षे सर्वांसमोर होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने सुमारे १५ कोटी रुपये खर्चून ती मूळ धर्तीवर नव्याने बांधण्यात आली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. दर्शनी भाग पूर्वीसारखा झाला, ही समाधानाची गोष्ट होय. तरी ती प्रतिकृतीच आहे. मूळ चुन्याचे व लाकडाचे काम परत आलेले नाही.

खाजगी घरांचा प्रश्न अधिक बिकट आहे. ‘इन्टॅक’ ही संस्था १९८४ पासून तेथे कार्यरत असून घरमालकांना सल्ला देणे, जुन्या घरांच्या नोंदी करणे ही कामे तिने केली आहेत. अनेक जुन्या घरांना ‘मद्रास टेरेस’ पद्धतीचे छप्पर असते : सागवानी तुळयांवर उभ्या विटा चुन्यात बसविलेल्या, व वर चुन्याचा थर. या थराला भेग पडली की पाणी झिरपते आणि भिंतीत रुतलेले तुळईचे टोक आतून कुजते. खालून पाहणाऱ्याला ते फार उशिरा कळते. पुदुच्चेरीत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. त्यामुळे छपरांची तपासणी व भेगा बुजविण्याचे काम तेथे सप्टेंबरअखेर आटोपावे लागते.