झोक्यामागील शास्त्र : संवेदी एकात्मता उपचाराची ओळख

निवासी शाळेत मूल केवळ वर्गात दिसत नाही. ते भोजनगृहात, अंघोळीच्या रांगेत आणि शयनगृहातही दिसते. एखादा मुलगा ताटवाट्यांच्या आवाजाने कानांवर हात ठेवतो, गणवेशाच्या कॉलरचे स्पर्शही त्यास सोसवत नाहीत. एखादी मुलगी चालताना सतत इतरांवर आदळते, आणि लिहिताना पेन्सिल इतकी दाबते की कागद फाटतो. अशा मुलांना 'हट्टी', 'धसमुसळी' ही विशेषणे फार लवकर चिकटतात. सर्वच नव्हे, परंतु त्यांपैकी काहींची अडचण स्वभावात नसून संवेदनांच्या जुळवणीत असते.

हा विचार पद्धतशीरपणे मांडला तो अमेरिकेतील ए. जीन एअर्स (१९२०-१९८८) यांनी. त्या व्यवसायोपचारतज्ज्ञ होत्या आणि शैक्षणिक मानसशास्त्राच्या अभ्यासकही. शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांविषयीचा त्यांचा मुख्य ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. आपण पाच ज्ञानेंद्रिये पाठ करतो. एअर्स यांनी स्पर्शाबरोबरच आणखी दोन संवेदनांवर भर दिला. एक, अंतर्कर्णातील तोलाची. दुसरी, स्नायू व सांधे यांतून मिळणारी, आपले अवयव कोठे आहेत हे न पाहता सांगणारी. या साऱ्या संवेदनांची मेंदूत नीट सांगड बसली नाही तर हालचाल, अवधान आणि शिक्षण यांवर परिणाम होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. तीच संवेदी एकात्मता.

'व्यवसायोपचार' या शब्दाने मात्र अनेक पालकांचा गैरसमज होतो. येथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. जेवणे, बटणे लावणे, खेळणे, लिहिणे हेच मुलाचे व्यवसाय. आपल्याकडे या विद्येचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले.

उपचाराची खोली पाहिली तर तेथे झोके, मोठे चेंडू, उशा, चढण्याची जाळी दिसते. पाहणाऱ्याला वाटते, हे तर बालोद्यान! एवढे साहित्य विकत घेऊन कोणीही फलक लावू शकतो, आणि पालकांचे पैसे व त्याहून मोलाची वर्षे जातात ती येथेच. म्हणून झोका हलविणाऱ्याला काय ठाऊक असावे, हे पालकांनीही जाणणे अगत्याचे आहे.

प्रथम शरीरशास्त्र. प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या गोल फिरण्याची वार्ता मेंदूस देतात. सरळ रेषेतील गती आणि गुरुत्वाकर्षण यांची जाणीव तेथीलच दुसऱ्या अवयवांना होते. त्यामुळे सावकाश, एका लयीतील मागेपुढे झोका पुष्कळदा मुलास शांत करतो, तर वेगाने गरगर फिरविणे त्यास उत्तेजित करते. हा परिणाम झोका थांबल्यावरही रेंगाळू शकतो. मुलाचा चेहरा पांढरा पडणे, घाम येणे, मळमळणे ही थांबण्याची चिन्हे आहेत, आणि ज्या मुलास बोलता येत नाही त्याच्या बाबतीत ती ओळखण्याचे काम उपचारकाच्या डोळ्यांचेच असते. मुलास फिट येत असल्यास ती माहिती आधीच घ्यावी लागते.

दुसरे, मूल्यमापन. श्रवण व दृष्टी यांची तपासणी झाली आहे काय, हे पाहिल्यावाचून संवेदी निदानाकडे वळणे घाईचे ठरते. एअर्स यांची सतरा उपचाचण्यांची चाचणी त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९८९ साली, प्रसिद्ध झाली. ती चार ते जवळजवळ नऊ वर्षे वयाच्या मुलांसाठी असून तिचे मानदंड अमेरिकी मुलांवरून ठरले आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास साधनाचा काळ व स्थळ विचारण्याची सवय असते. ती येथेही उपयोगी पडते. मांडी घालून बसणाऱ्या, हाताने जेवणाऱ्या, अनवाणी हुंदडणाऱ्या मुलाचे गुण त्या मानदंडांनी वाचताना तज्ज्ञाने सावधच असले पाहिजे.

तिसरे ज्ञान पुस्तकात पुरते मिळत नाही : आव्हान नेमके किती असावे? फार सोपे असेल तर मूल कंटाळते, फार अवघड असेल तर माघार घेते. या पद्धतीत मुलाच्या ओढीला मान असतो. त्याला धरून झोक्यावर बसवीत नाहीत. सर्व मुलांना एकाच क्रमाने तीच कसरत, किंवा केवळ वजनदार जाकीट घालून बसविणे, म्हणजे एअर्स यांची पद्धत नव्हे.

चौथे, पुराव्याविषयी प्रामाणिकपणा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली सांगितले की, हे उपचार सर्वंकष योजनेचा एक भाग म्हणून चालतील. परंतु संशोधन मर्यादित आहे, आणि ते पालकांना सांगावे. म्हणून 'मूल पूर्ण बरे करू' म्हणणाऱ्यापेक्षा 'तीन महिन्यांत ते स्वतः सदरा घालू लागते का, ते पाहू. नाही जमले तर योजना बदलू' म्हणणारा तज्ज्ञ आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो.

असा तज्ज्ञ पालकांकडे आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांकडेही काही मागतो. मूल कोणत्या वेळी, कोठे अस्वस्थ झाले, त्याआधी काय घडले आणि ते कशाने शांत झाले, याची आठवडाभराची साधी टिपणे. त्यासाठी पेन्सिल आणि जुन्या वहीची कोरी पाने पुरतात. पहिल्या भेटीस जाताना ती वही बरोबर न्यावी.