आर्क उलटा जातोय? जी०२ आणि जी०३ चा गोंधळ एकदाच मिटवा

सीएनसी लेथ टाकायचा म्हटलं की सगळे कर्ज आणि सबसिडीचं विचारतात. आज त्याबद्दल नाही, मशीन आल्यानंतरच्या एका दुखण्याबद्दल बोलू.

लातूर-नांदेडकडे डाळ मिलचे, साखर कारखान्यांचे शाफ्ट, बुश जॉबवर्कला येतात. मटेरियल पार्टीचं असतं. २० शाफ्टच्या कोपऱ्यावर गोलाईऐवजी खोबण पडली तर मजुरी गेलीच, वर मटेरियलही खिशातून भरून द्यावं लागतं. आणि गंमत बघा, व्हर्नियर लावला तर माप बरोबर येतं! का ते बघू.

समजा ४० एमएमचा शाफ्ट आहे आणि तोंडावर ३ एमएमची गोलाई द्यायची आहे. टूल एक्स३४ झेड० वर आणलं. पुढची ओळ: जी०३ एक्स४० झेड-३ आर३. इथे एक्स हा व्यास आहे, म्हणून तो ६ ने वाढला. आर मात्र त्रिज्याच. आता ऑपरेटरने जी०३ च्या जागी जी०२ टाकलं. सुरुवात तीच, शेवट तोच, आर तोच. कंट्रोलला काहीच चूक दिसत नाही, त्यामुळे अलार्म येत नाही. फक्त गोलाई बाहेर फुगायच्या ऐवजी आत बसते. मधोमध व्यास साधारण ३८.२ हवा, तिथे ३५.८ मिळतो. दोन्ही टोकं मापात, मधला भाग गेला.

जी०२ म्हणजे घड्याळाच्या दिशेने, जी०३ म्हणजे उलट, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कुठून बघायचं? टरेट मागे असलेल्या स्लँट बेड मशीनवर वरून बघितलं की जुळतं. टरेट पुढे, आपल्या बाजूला असेल तर एक्सची दिशा उलटते आणि वरून बघताना जी०२ उलटा फिरताना दिसतो. प्रोग्रॅम मात्र तोच चालतो. म्हणून मी शिकवताना घड्याळ सोडून देतो आणि आकार बघायला लावतो. बाहेरून टर्निंग करत चककडे जाताना फुगीर कोपरा असेल तर जी०३, शोल्डरच्या मुळाशी खोलगट फिलेट असेल तर जी०२. बोअरिंगमध्ये आत जाताना बरोबर उलट. बोअरच्या तोंडाचा कोपरा गोल करायचा तर जी०२.

आर ऐवजी आय-के वापरत असाल तर जास्त जपा. तिथे केंद्र पक्कं दिलेलं असतं. दिशा चुकली की टूल ९० अंशांचा छोटा रस्ता सोडून २७० अंशांचा लांबचा फेरा मारायला निघतं, सरळ जॉबच्या पोटात. इन्सर्ट तर जातोच, टरेटही हलू शकतो. फानुक कंट्रोलवर आय कायम त्रिज्येत द्यायचा, एक्स व्यासात असला तरी. तिथे व्यास टाकला तर त्रिज्या जुळत नाही म्हणून ०२० नंबरचा अलार्म येतो. तो आला तर दिशा बदलत बसू नका, आकडे तपासा.

अजून एक फसवं प्रकरण. गोलाईची दिशा बरोबर आहे, पण रेडियस गेजला आर३ ऐवजी २.२ च्या आसपास येतंय. हा जी०२-जी०३ चा दोष नाही. ०.८ नोजचा इन्सर्ट लावलाय आणि नोज कॉम्पेन्सेशन चालू नाही, एवढंच. बाहेरून चककडे जाताना जी४२, बोअरिंगला जी४१, आणि ऑफसेट पानावर नोजची त्रिज्या व टिप नंबर भरलेला हवा.

नवीन प्रोग्रॅम असेल तर आधी ग्राफिक्सवर बघा. मग वर्क ऑफसेट झेडमध्ये १०० एमएम बाहेर सरकवून सिंगल ब्लॉकवर हवेत चालवा. आर्क कुठे फुगतोय ते डोळ्यांनी दिसतं. पहिला पीस रेडियस गेजने तपासल्याशिवाय दुसरा बार चकमध्ये लावायचा नाही, पार्टी कितीही घाई करत असली तरी.

आणि जुनं मशीन घेणार असाल, विशेषतः साध्या लेथवर कंट्रोल बसवलेलं, तर पैसे देण्याआधी मालकाला म्हणा, "दादा, एक आर३ चा कोपरा कापून दाखवा." अशा मशीनवर दिशेची सेटिंग कधी कधी उलटी असते. ते तिथेच कळलेलं बरं.