हिवाळ्यातील कोरडे डोळे

काश्मीर किंवा लडाखमध्ये हिवाळ्यात बुखारीने, म्हणजे लोखंडी शेगडीने, तापविलेल्या बंद खोलीत बसले असता डोळे चुरचुरू लागतात. त्याचे एक प्रमुख कारण खोलीतील कोरडी हवा हे होय.

शून्य अंश सेल्सिअस तपमानाची एक घनमीटर हवा फार तर ५ ग्रॅम बाष्प धारण करते. २० अंशांस हीच मर्यादा सुमारे १७ ग्रॅम होते. बाहेरील थंड हवा आत येऊन तापली, तरी तिच्यातील बाष्प तेवढेच राहते. तेव्हा तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि ती डोळ्यांवरील ओलावा शोषून घेऊ लागते.

पापण्यांच्या कडांतील सूक्ष्म ग्रंथी तेल स्रवतात. पापणी लवताच ते अश्रूंवर पसरते व बाष्पीभवन मंदावते. वाचताना पापण्या कमी लवतात; म्हणून मधून मधून त्या मुद्दाम पूर्ण मिटाव्यात. कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या पापण्यांवर काही मिनिटे ठेवावा. त्याने घट्ट झालेले तेल सैल होते.

शेगडीच्या झळीसमोर बसू नये. तिच्यावर पाण्याचे भांडे ठेवावे. मात्र खोलीत वारा खेळता हवाच. कारण जळणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असतो.

डोळ्यांतून पाणी वाहते म्हणून ते कोरडे नाहीत, असे समजू नये. कोरडेपणाच्या चुरचुरीनेही पाणी येते. वेदना, लाली किंवा अंधुकपणा टिकल्यास नेत्रवैद्यास दाखवावे. स्वतःच्या मनाने स्टेरॉइडयुक्त थेंब घालू नयेत. त्यांमुळे काचबिंदू होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते.