यंत्राची नाडीपरीक्षा

रोगी दारात येताच कोणताही जाणता वैद्य औषधाची पुडी काढून देत नाही. तो प्रथम नाडी पाहतो, जीभ पाहतो, भूक कशी लागते, झोप कशी येते, असे चार प्रश्न विचारतो. आणि रोगाचे मूळ ध्यानी आल्यावरच औषध देतो. यंत्राच्या बाबतीत मात्र पुष्कळांना एवढा धीर नसतो. गाडी नीट चालेनाशी झाली की हाती पाना घ्यावयाचा आणि दिसेल तो स्क्रू पिळावयाचा, अशी त्यांची रीत असते. गावातल्या गावात ही रीत कदाचित खपून जाईल. लांबच्या प्रवासात ती फार महाग पडते.

दर वर्षी उन्हाळ्यात महाराष्ट्रातील कित्येक तरुण मोटारसायकलीवरून लडाखला जातात. पुण्यापासून लेह दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मनाली सोडून हिमालय ओलांडताना वस्ती विरळ होत जाते. वाटेतील टांगलांग ला ही खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे ५,३०० मीटर उंच आहे. तेथे ना गॅरेज, ना झाडाची सावली. बोचरा वारा सुटला आहे, सूर्य मावळतीला लागला आहे, आणि अशा वेळी गाडी बंद पडली, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. तो जिवाचा होतो. म्हणून अशा प्रवासाची खरी तयारी घरच्या अंगणातच, निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस व्हावयास हवी. या तयारीत एका लहानशा भागाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. तो भाग म्हणजे कार्बोरेटर.

इंजिनात नुसते पेट्रोल जळत नाही. त्याला हवा लागते. शुद्ध पेट्रोल १ ग्रॅम असेल, तर ते पूर्णपणे जळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा हवी. हे मिश्रण तयार करून इंजिनाला पुरविणे हे कार्बोरेटरचे काम. जर्मनीतील विल्हेल्म मायबाख याने १८९३ मध्ये बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बोरेटर तयार केला. नदी दोन कड्यांच्या चिंचोळ्या वाटेतून जाताना वेगाने धावते, हे तुम्ही पाहिले असेल. कार्बोरेटरमधील हवेची वाटही मध्ये अशीच चिंचोळी असते. तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्यामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर ओढले जाते आणि त्याचे तुषार हवेत मिसळतात. या छिद्रे पाडलेल्या पितळी तुकड्यांना जेट म्हणतात. मोठ्या जेटचे छिद्र साधारण एक मिलिमीटरचे असते. लहान जेटचे तर त्याच्या निम्म्याहूनही बारीक. वाटीतील पेट्रोलची पातळी राखण्यासाठी एक फ्लोट असतो. घरावरील पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा टाकी भरताच नळ बंद करतो; फ्लोटचे कार्यही तेच.

मिश्रणात पेट्रोल अधिक झाले तर ते दाट होते, आणि हवा अधिक झाली तर ते विरळ होते. कार्बोरेटरच्या बहुतेक तक्रारी या दोन शब्दांत सामावतात. मिश्रण दाट असेल, तर धूर काळा येतो, पेट्रोलचा वास येतो आणि पेट्रोल जास्त लागते. ते विरळ असेल, तर इंजिन फार तापते, गाडी झटके देते आणि चढावर दम सोडते. प्लग काढून पाहिला, तर तोही साक्ष देतो. त्यावर काळी, कोरडी काजळी असेल तर मिश्रण दाट. तो पांढुरका पडला असेल तर विरळ. आणि फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक, असे समजावे.

मात्र कार्बोरेटरवर आरोप ठेवण्यापूर्वी पेट्रोलची वाट पाहून घ्यावी. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी एक सूक्ष्म छिद्र असते. ते धुळीने बुजले, तर गाडी काही किलोमीटर सुरळीत धावते आणि मग गुदमरून थांबते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज होतो आणि काही वेळाने गाडी पुन्हा चालू लागते. येथे दोष असतो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्राचा. पण उतावळा माणूस तेवढ्यासाठी सारा कार्बोरेटर खोलून बसतो! त्याचप्रमाणे टाकीखालचा कॉक, नळी, पेट्रोलची गाळणी आणि हवेची गाळणी हेही तपासावेत. हवेची गाळणी धुळीने भरली की हवा कमी पडते आणि मिश्रण दाट होते. पुष्कळ किका मारूनही गाडी सुरू होत नसेल, तर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल, तर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल फाजील येत आहे.

एवढे झाल्यावर वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यावे. तळाशी पाण्याचे थेंब, गंज किंवा कचरा दिसला, तर कारण सापडलेच. आजकाल आपल्याकडील पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. शिवाय बरेच महिने साठलेले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट साका राहतो व तो जेटमध्ये अडकतो. पावसाळाभर उभी ठेवलेली गाडी एकदम लांबच्या वाटेला का लावू नये, हे यावरून कळेल.

कोणत्या जेटमध्ये कचरा आहे, हेही गाडीच सांगते. गाडी उभी असताना इंजिन बंद पडते, चोक ओढला तरच चालते, असे असेल, तर लहान जेट बुजलेला असावा. किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी भाग चिरून तेथून जादा हवा शिरत असावी. गाडी सावकाश नीट चालते, पण वेग वाढविताच अडखळते, असे असेल, तर मोठ्या जेटकडे पाहावे. उभ्या गाडीखाली पेट्रोल ठिबकत असेल, तर फ्लोट किंवा त्याची सुई बिघडली आहे. जेट स्वच्छ करताना त्यात तार अथवा सुई घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले तरी माप बिघडते. जेट साफ करण्याच्या द्रवाने धुऊन हवेच्या झोताने मोकळा करावा. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसले ते वहीत लिहावे, म्हणजे तो पुन्हा होता तसा लावता येतो. आणि एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले आणि गाडी सुधारली, तरी कशाने सुधारली हे कळत नाही. बिघडली, तर कशाने बिघडली हेही कळत नाही.

उंच प्रदेशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टांगलांग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. हवा विरळ, म्हणून इंजिनातील मिश्रण आपोआप दाट होते. गाडी धापा टाकू लागते. हा बिघाड नव्हे, तो उंचीचा परिणाम होय. काही अनुभवी प्रवासी अशा ठिकाणी बारीक छिद्राचा जेट लावतात. परंतु खाली उतरल्यावर मूळचा जेट पुन्हा बसवावाच लागतो, नाहीतर मिश्रण विरळ होऊन इंजिन फाजील तापते.

ही सर्व कामे इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, आगीपासून दूर आणि जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली करावयाची असतात. तुमच्या वयाच्या मुलांनी पेट्रोलला हात लावू नये. परंतु डोळे उघडे ठेवून पाहण्यास व प्रश्न विचारण्यास कोणाचीच मनाई नाही. दुरुस्तीनंतर पन्नास-साठ किलोमीटरांची एक फेरी मारावी, त्यात एखादा घाट असावा, आणि परतल्यावर प्लग पुन्हा पाहावा. ही परीक्षा उतरली, तरच गाडी प्रवासास सिद्ध झाली असे मानावे.

१ एप्रिल २०२० पासून भारतात प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत बहुतांशी कार्बोरेटरची जागा विजेच्या साहाय्याने पेट्रोल सोडणाऱ्या यंत्रणेने घेतली. जुन्या गाड्या मात्र अद्याप असंख्य आहेत. पुढे त्याही जातील. पण आधी लक्षण पाहावे, मग कारण शोधावे, सोपी शक्यता प्रथम तपासावी आणि एका वेळी एकच उपाय करून त्याचा परिणाम पाहावा, ही विचाराची शिस्त कोणत्याही यंत्राबरोबर जुनी होणार नाही.

स्वाध्याय

१. लांबच्या प्रवासाची तयारी आठ-दहा दिवस आधी का करावी?
२. मिश्रण दाट झाल्याची व विरळ झाल्याची लक्षणे सांगा.
३. टाकीच्या झाकणाचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
४. ‘एका वेळी एकच बदल करावा’ याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा. हा नियम अभ्यासात कसा उपयोगी पडेल?
५. वाक्यांत उपयोग करा : महाग पडणे, दम सोडणे, साक्ष देणे, ध्यानात ठेवणे.
६. विरुद्धार्थी शब्द लिहा : दाट, उतावळा, चिंचोळा, कोरडा.